अपस्मार, मेंदूची इजा आणि हळदीच्या कॅप्सूल

प्रश्न थोडक्यात असा आहे: माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. तो 2 वर्षांचा असताना तापात त्याला पाऊण तास आकडी आली होती. अकराव्या वर्षापासून त्याला फिट येतात. कार्बामाझेपिन आणि क्लोबाझाम या गोळ्या नियमित घेऊनही महिन्यातून एक-दोनदा फिट येतेच. एमआरआयच्या अहवालात ‘डाव्या बाजूचे मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस’ असा शेरा आहे. प्रत्येक फिटमध्ये मेंदूच्या पेशी मरतात आणि हळदीतील कर्क्युमिन, ब्राह्मी, ग्रीन टीचा अर्क यांतील अँटिऑक्सिडंट त्या पेशी वाचवतात, असे वाचनात आले. मिरीचा अर्क मिसळलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणून ठेवल्या आहेत. त्या सुरू कराव्यात का, आणि त्यामुळे पुढे गोळ्या कमी करता येतील का?

उत्तर:

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कॅप्सूल सुरू करू नयेत आणि त्यांच्या भरवशावर गोळ्या तर मुळीच कमी करू नयेत. मात्र आपण जे वाचले ते सगळे खोटे नाही. त्यातला काही भाग प्रयोगशाळेत चांगला सिद्ध झालेला आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. तो नेमका किती खरा आहे आणि कुठे संपतो, हे सविस्तर सांगतो. त्यानंतर एमआरआयच्या त्या शेऱ्याकडे वळू, कारण आपल्या मुलाच्या मेंदूचे रक्षण करण्याचा खरा मार्ग आपण ओझरता उल्लेख केलेल्या त्या शेऱ्यातून जातो.

प्रथम भीती दूर करू. प्रत्येक फिटमध्ये पेशी मरतात, हे विधान जसेच्या तसे बरोबर नाही. एक-दोन मिनिटांत आपोआप थांबणाऱ्या फिटमुळे मेंदूत दिसण्याजोगी कायमची इजा सहसा होत नाही. इजेचा प्रश्न येतो तो फिट लांबली की, किंवा अनावर फिट वर्षानुवर्षे चालू राहिल्या की. 1973 साली मेल्ड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. माकडांचे स्नायू औषधाने शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊन आणि शरीराचे तापमान, रक्तदाब सांभाळूनही दीर्घकाळ चाललेल्या फिटनंतर मेंदूतील ठरावीक भागांतल्या पेशी मेलेल्या आढळल्या. म्हणजे श्वास अडकणे किंवा ऑक्सिजन कमी पडणे हे एकमेव कारण नव्हते. मेंदूतील पेशींचे अखंड, बेफाम काम हेच इजेला पुरेसे होते. माणसांतही याला दुजोरा मिळाला आहे. तापात अर्ध्या तासाहून अधिक आकडी आलेल्या मुलांचा अमेरिकेत दीर्घकाळ पाठपुरावा झाला, तेव्हा साधारण दर दहांत एका मुलाच्या एमआरआयमध्ये, आकडीनंतर काही दिवसांतच, हिप्पोकॅम्पस या, मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात सूज किंवा बदल दिसला. आपल्या मुलाची बालपणीची पाऊण तासाची आकडी याच प्रकारात मोडते.

इजा होते कशी, ते समजून घेतले तर अँटिऑक्सिडंटची कल्पना कुठून आली हे लक्षात येईल. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. फिट चालू असताना चेतापेशी ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सतत बाहेर टाकत राहतात. त्यामुळे पुढच्या पेशींवरची एनएमडीए ही ग्राहके उघडी राहतात आणि पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो. हे कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, साठू लागते आणि तिथली ऊर्जानिर्मिती बिघडते. त्याच वेळी एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचे विकरही (एन्झाइम) कामाला लागते. या दोन्हींमधून सुपरऑक्साइडसारखे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, ज्यांना आपण फ्री रॅडिकल म्हणतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये. पेशीच्या आवरणातील मेद, प्रथिने आणि डीएनए यांवर ते हल्ला करतात. पेशीजवळ ग्लुटाथायोनसारखी स्वतःची संरक्षक यंत्रणा असते, पण लांबलेल्या फिटमध्ये तिचा साठा संपत जातो. हिप्पोकॅम्पसचे सीए 1 आणि सीए 3 हे पट्टे याला सर्वांत लवकर बळी पडतात. तिथल्या पेशी गळून पडतात, त्या जागी आधारपेशींचा व्रण तयार होतो आणि पुढे तो व्रणच नव्या फिटचा उगम बनतो. असा व्रण पडलेला हिप्पोकॅम्पस, म्हणजेच अहवालातले ‘मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस’, जर्मन डॉक्टर झोमर यांनी 1880 सालीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन केले होते. एमआरआयच्या आडव्या-उभ्या छेदांपैकी, दोन्ही कानांमधून जाणाऱ्या उभ्या छेदात तो आज आपल्यालाही दिसतो: एका बाजूचा हिप्पोकॅम्पस गुबगुबीत, तर दुसऱ्या बाजूचा आक्रसलेला आणि फ्लेअर नावाच्या प्रतिमेत पांढरट.

या साखळीत फ्री रॅडिकल ही एक कडी आहे, आणि ती तोडली तर पेशी वाचतील, हा तर्क चुकीचा नाही. उंदरांत त्याला आधारही मिळाला. या प्रयोगांत फिट आणण्यासाठी बहुधा काइनिक आम्ल किंवा पायलोकार्पिन वापरतात. यातला उपरोध मला नेहमी जाणवतो: पायलोकार्पिन दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी नावाच्या झुडपातून मिळते, काइनिक आम्ल जपानमध्ये जंतांवर वापरल्या जाणाऱ्या लाल समुद्रशैवालातून 1950 च्या दशकात वेगळे केले गेले, आणि मेल्ड्रम यांनी वापरलेले बायक्युक्युलिन हेही वनस्पतीतलेच अल्कलॉइड. काइनिक आम्लाचाच भाऊबंद असलेले डोमोइक आम्ल 1987 साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपल्यांतून शंभराहून अधिक लोकांच्या पोटात गेले. त्यांतले काही दगावले, काहींची स्मृती कायमची गेली आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तंतोतंत हीच इजा आढळली. मेंदूला इजा करणारी आणि वाचवणारी, दोन्ही द्रव्ये निसर्गातच आहेत. म्हणून ‘नैसर्गिक’ या शिक्क्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

कर्क्युमिनचे प्रयोग कसे झाले, तेही पाहू. उंदराला सामान्यतः आधी कर्क्युमिन देतात, पुष्कळदा थेट पोटाच्या पोकळीत टोचून, आणि मग फिट आणणारे द्रव्य देतात. डोस उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे 100 ते 300 मिलिग्रॅम इतका मोठा असतो. अशा उंदरांत ऑक्सिडेशनची चिन्हे कमी आणि वाचलेल्या पेशी अधिक, असे निकाल अनेक ठिकाणांहून आले. ते मी नाकारत नाही. पण त्यांत एक गोम आहे, जी लेखांच्या सारांशात कधी दिसत नाही. ज्या उंदरांत पेशी वाचल्या त्यांच्यापैकी पुष्कळांत मुळात फिटच उशिरा किंवा सौम्य आली होती. फिट सौम्य झाली तर इजा कमी होणारच. मग कर्क्युमिनने पेशी वाचवल्या असे म्हणायचे, की फिट हलकी झाल्यामुळे त्या वाचल्या असे म्हणायचे? हे वेगळे करायचे तर फिट पूर्ण तीव्रतेने होऊ देऊन नंतर औषध द्यावे लागते, आणि असे काटेकोर प्रयोग फार थोडे आहेत. शिवाय आपल्या मुलाच्या बाबतीत इजा 14 वर्षांपूर्वी होऊन गेलेली आहे. आधी दिलेल्या औषधाने टळलेली इजा आणि जुना व्रण, या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. आक्रसलेला हिप्पोकॅम्पस कोणत्याही अँटिऑक्सिडंटने पुन्हा भरून आल्याचे दिसलेले नाही.

दुसरी अडचण पोटातच सुरू होते. चहाच्या चमच्यात साधारण 3 ग्रॅम हळद बसते. तिच्यात कर्क्युमिन सुमारे 3 टक्के, म्हणजे जेमतेम 90 मिलिग्रॅम. त्यातलेही फारच थोडे आतड्यातून रक्तात पोहोचते, कारण आतडे आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रसायनाशी जोडून बाहेर काढून टाकतात. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना चक्क 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले, तरी रक्तात ते सापडलेच नाही किंवा नाममात्र सापडले. त्यासोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य, दिल्यावर हे प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढले. तेव्हापासून बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये पायपरिन आले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण जवळजवळ शून्याची वीसपट वाढ म्हणजे किती, याचा विचार जाहिरातीत होत नाही. शिवाय रक्तात पोहोचलेल्यापैकी मेंदूत किती जाते, हा प्रश्न वेगळाच. कर्क्युमिन हा मुळात अस्थिर रेणू आहे आणि त्याला स्वतःची चमक असल्यामुळे प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत तो खोटे सकारात्मक निकाल देतो. 2017 साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी याचा मोठा आढावा घेतला तेव्हा, शंभरावर मानवी चाचण्या होऊनही एकही मोठी, काटेकोर चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असे त्यांना नमूद करावे लागले.

आता आपल्याकडच्या बाटलीकडे वळतो, कारण आपल्या मुलासाठी खरा धोका तिथे आहे. अशा बाटल्यांच्या लेबलवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कर्क्युमिन असते आणि मागे, घटकांच्या यादीच्या शेवटी, बारीक अक्षरांत पायपरिन किंवा ‘काळी मिरी अर्क’. कर्क्युमिन रक्तात वाढावे म्हणून पायपरिन यकृतातील आणि आतड्यातील विकरे मंद करते. पण ती विकरे केवळ कर्क्युमिनची विल्हेवाट लावण्यासाठी नसतात. त्यांपैकी सीवायपी 3ए4 हे विकर कार्बामाझेपिन शरीराबाहेर काढण्याचे मुख्य काम करते. चंडीगढच्या पीजीआय संस्थेत अपस्माराच्या रुग्णांवरच याचा अभ्यास झाला आहे. नियमित कार्बामाझेपिन घेणाऱ्या रुग्णांना पायपरिनचा एकच 20 मिलिग्रॅमचा डोस दिल्यावर रक्तातले कार्बामाझेपिन वाढले, आणि फेनिटॉइन या फिटच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही तसेच आढळले. कार्बामाझेपिनची सुरक्षित पातळी अरुंद असते, सुमारे 4 ते 12 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पातळी तिच्यावर गेली की एकाची दोन माणसे दिसणे, तोल जाणे, गरगरणे, उलट्या असा त्रास होतो. त्याला पित्त समजून घरीच काहीतरी दिले जाते. कॅप्सूल बंद झाली की पातळी पुन्हा उतरते, म्हणजे चढ-उतार दोन्हीकडून. ग्रेपफ्रूटच्या रसानेही कार्बामाझेपिन असेच वाढते.

घरच्या जेवणातली हळद आणि मिरी बंद करायला मी सांगत नाही. रोजच्या स्वयंपाकात जे प्रमाण वर्षानुवर्षे आहे त्याच्यासकटच त्याचा गोळ्यांचा डोस बेतलेला आहे. रात्री हळदीचे दूध घेत असेल तर जरूर घ्यावे. गोंधळ होतो तो अर्क एकदम सुरू आणि एकदम बंद केल्याने. कर्क्युमिनच्या जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी 2019 साली इटलीत आणि त्यानंतर अमेरिकेतही झाल्या. ग्रीन टीचे तेच. चहा पिणे वेगळे, अर्काच्या गोळ्या वेगळ्या. ग्रीन टीतले ईजीसीजी हे अँटिऑक्सिडंट दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक अर्कातून घेतल्यास रक्तात यकृताची विकरे वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होऊ शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली दिला. फिटच्या बहुतेक गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

ब्राह्मीविषयी वैद्यांनी काही सांगितले असेल तर त्यामागे परंपरा आहे, हे मान्य करायला हवे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहावा अध्याय अपस्मारावर आहे आणि त्यात ब्राह्मीघृत सांगितलेले आहे. निरोगी माणसांतल्या छोट्या चाचण्यांत नीरब्राह्मीच्या अर्काने काही आठवड्यांनी स्मरणशक्तीत किंचित सुधारणा दिसली. फेनिटॉइनमुळे उंदरांच्या स्मृतीवर होणारा परिणाम तिने कमी झाला, असाही एक भारतीय प्रयोग आहे. पण फिट कमी होतात किंवा फिटच्या इजेपासून मेंदू वाचतो, हे माणसांत दाखवणारी भक्कम चाचणी नाही. गिंको या झाडाचा अर्क मात्र निक्षून टाळावा. त्याच्या बियांमध्ये बी 6 जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणणारे द्रव्य असते आणि बिया खाऊन फिट आल्याच्या घटना जपानमध्ये परिचित आहेत. ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत गिंको सर्रास असते.

माणसांवर अँटिऑक्सिडंटची परीक्षा झालीच नाही, असे मात्र नाही. आटोक्यात न येणाऱ्या अपस्मारात ई जीवनसत्त्व जोडऔषध म्हणून देण्याची काटेकोर चाचणी दिल्लीच्या एम्समध्ये झाली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात काहीही फायदा दिसला नाही. पक्षाघातात एनएक्सवाय-059 हे फ्री रॅडिकल टिपणारे औषध उंदरांत उत्तम ठरले, माणसांवरच्या पहिल्या चाचणीत आशादायक वाटले, आणि 2007 साली तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत पूर्ण फसले. माझ्या मते या अपयशांचे कारण रेणूंत नसून कल्पनेच्या भाबडेपणात आहे. फ्री रॅडिकल क्षणार्धात तयार होतात आणि जागच्या जागी क्रिया करतात. बाहेरून दिलेला रेणू त्या क्षणी, त्या पेशीत, त्या प्रमाणात हजर असणे जवळपास अशक्य. शिवाय थोड्या प्रमाणात हे रेणू पेशीला आतल्या आत संदेश पोहोचवण्यासाठी लागतातही, ते सरसकट पुसून टाकणे हिताचे नसते. म्हणूनच आता संशोधनाचा रोख पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करण्याकडे वळला आहे. एनआरएफ 2 नावाचे प्रथिन हा त्या यंत्रणेचा कळीचा भाग. 2018 साली लंडनच्या संशोधकांनी आरटीए 408 या रेणूने हे प्रथिन जागे केले, तेही उंदरांना दीर्घ फिट येऊन गेल्यावर, आणि पेशी वाचल्या, पुढच्या फिटही घटल्या. हा रेणू ओलिॲनोलिक आम्ल या वनस्पतीजन्य पदार्थात फेरफार करून बनवलेला आहे. ओमाव्हेलोक्सोलोन या नावाने त्याला अमेरिकेत 2023 साली फ्रेडरिक अटॅक्सिया या वेगळ्याच आजारासाठी मान्यता मिळाली. अपस्मारासाठी नाही. पण वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंटकडून काही आशा ठेवायची असेल, तर ती मी या दिशेला ठेवतो.

एका वनस्पतीजन्य द्रव्याने मात्र अपस्मारात खरीखुरी परीक्षा दिली आहे: गांजाच्या झाडातले कॅनाबिडिऑल. ड्रॅव्हे सिंड्रोम या गंभीर आजाराच्या मुलांत त्यामुळे महिन्याच्या झटक्यांच्या फिटचा मध्यक (मधल्या मुलाचा आकडा) 12.4 वरून 5.9 वर आला, तर नकली औषधाच्या गटात 14.9 वरून 14.1 वर. हा 2017 सालचा निकाल आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. प्रयोगशाळेत कॅनाबिडिऑल अँटिऑक्सिडंट आहे, पण फिट थांबवण्याचे त्याचे काम त्या गुणामुळे होते असे मानले जात नाही. आणि त्या चाचणीतला डोस होता दिवसाला दर किलोमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या मुलाला 1000 मिलिग्रॅम. आपल्याकडे विजया अर्क म्हणून मिळणाऱ्या तेलाच्या थेंबांत याच्या आसपासही मात्रा नसते. शिवाय कॅनाबिडिऑल क्लोबाझामच्या सक्रिय घटकाची पातळी वाढवते आणि गुंगी आणते. आपला मुलगा क्लोबाझाम घेतो. त्याचा आजार या प्रकारचा नाही, त्यामुळे ही वाट त्याच्यासाठी नाही.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कापूर आणि नीलगिरीचे तेल दोन्ही फिट आणू शकतात. लहान मुलांनी कापूर गिळल्यावर काही मिनिटांत आकडी येते. मोठ्यांतही बाम चोळणे, नीलगिरीची वाफ घेणे यानंतर फिट आल्याचे भारतातील डॉक्टरांनी नोंदवले आहे. आपल्या मुलाची फिट आली त्या दिवशी सर्दीसाठी असे काही वापरले होते का, हे आठवून वहीत लिहावे. सुटी हळद घेताना रंग भडक वाटला तर टाळावी. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे बांगलादेशात आणि भारतातल्या काही ठिकाणी आढळले आहे, आणि शिसे हे मेंदूचे वैरी आहे. फिटसाठी ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत फेनोबार्बिटोन सापडल्याच्याही नोंदी आहेत. अशा पुडीने आलेला गुण खरा असतो, पण तो झाडपाल्याचा नसतो, आणि पुडी संपली की येणारी फिट जोरकस असते.

आता मुद्द्याचे. दोन योग्य औषधे, योग्य मात्रेत, नियमित घेऊनही फिट थांबत नसतील तर त्याला आम्ही औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतो. ग्लासगोतील 2000 सालच्या अभ्यासात पहिल्या औषधाने 47 टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांच्या, आणि त्यानंतरच्या प्रत्येक औषधागणिक मिळणारा लाभ फारच तुटपुंजा होता. आपला मुलगा त्या तिसऱ्या टप्प्यावर आहे. त्याच वेळी त्याच्या एमआरआयमध्ये जे दिसते, ते शस्त्रक्रियेला सर्वांत चांगला प्रतिसाद देणाऱ्या कारणांपैकी आहे. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या ज्या भागात हिप्पोकॅम्पस असतो त्याच्या, अपस्मारात 2001 साली कॅनडात झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 58 टक्के रुग्ण वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, तर केवळ गोळ्यांवर असलेल्यांत 8 टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये 18 वर्षांपर्यंतच्या मुलांवर, वेगवेगळ्या कारणांच्या अपस्मारासाठी, झालेल्या चाचणीत हे प्रमाण 77 विरुद्ध 7 टक्के निघाले. तो निकाल 2017 सालचा. शस्त्रक्रियेच्या गटात हातापायांत कमजोरी येण्यासारखे दुष्परिणामही झाले, त्यातले काही शस्त्रक्रियेच्या प्रकारामुळे आधीच अपेक्षित होते. म्हणून मी ‘शस्त्रक्रिया करा’ असे सांगत नाही. तपासणीसाठी अपस्मार शस्त्रक्रियेच्या केंद्रात जा, एवढेच सांगतो. मुंबई-पुण्यात अशी सोय आहे, आणि तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत देशभरातून रुग्ण जातात.

तिथे व्हिडिओ ईईजी करतात, म्हणजे काही दिवस कॅमेरा आणि मेंदूच्या विद्युतलहरी टिपणाऱ्या तारा लावून प्रत्यक्ष फिट नोंदवतात, जेणेकरून फिट खरोखर डाव्या हिप्पोकॅम्पसमधूनच सुरू होते का ते कळते. आपला मुलगा उजव्या हाताने लिहिणारा असेल तर शब्दांची स्मृती बहुधा डाव्या बाजूला असते. त्यामुळे शस्त्रक्रियेने ती किती जाईल, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. स्मृतीच्या चाचण्या होतील तेव्हा त्या त्याच्या शाळेच्या भाषेत नव्हे, तर घरी तो ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत व्हाव्यात, असा आग्रह धरावा. ही तपासणी आता करावी, बारावीनंतर नव्हे. अनावर फिटची वर्षे वाढत जातात तशी स्मृती घसरत जाते आणि शिक्षणही मागे पडते. ज्या इजेची आपल्याला धास्ती वाटते, ती हीच.

तोवर घरात दोन गोष्टींची तयारी हवी. चालू फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन आणून ठेवावा. तो घरात, शाळेत आणि प्रवासाच्या बॅगेत असावा. फिट सुरू होताच घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, आणि पाच मिनिटे झाली की स्प्रे मारून रुग्णालयाकडे निघावे. पाच मिनिटांची ही मर्यादा काटेकोर आहे, कारण फिट लांबते तशी चेतापेशींच्या पृष्ठभागावरची, पेशीला शांत करणारी आणि मिडाझोलाम ज्यांवर काम करते ती गाबा ग्राहके आत ओढली जातात आणि उत्तेजक एनएमडीए ग्राहके बाहेर येतात. ज्या औषधाने पाचव्या मिनिटाला फिट थांबते, तेच तिसाव्या मिनिटाला पुष्कळदा कमी पडते. वर सांगितलेली फ्री रॅडिकलची सगळी साखळी मुळाशीच तोडणारे उपचार आज आपल्या हातात आहेत, ते हेच. अमेरिकेत रुग्णवाहिकेतच मिडाझोलाम टोचण्याची 2012 सालची चाचणी झाली, तेव्हा 73 टक्के रुग्णांची फिट रुग्णालयात पोहोचण्याआधीच थांबलेली होती.

दुसरी गोष्ट गोळ्यांची वेळ आणि झोप. महिन्यातल्या एक-दोन फिटपैकी किती फिट गोळी चुकल्यावर, जागरणानंतर किंवा तापात आल्या, हे तीन महिन्यांच्या नोंदीतून समजेल. कार्बामाझेपिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ड जीवनसत्त्व कमी होते, ते तपासून घ्यावे. अँटिऑक्सिडंटपेक्षा ही उणीव भरून काढणे अधिक उपयोगाचे. आहारातूनच काही करायचे असेल तर पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ अधिक असलेल्या सुधारित ॲटकिन्स आहाराला खरा पुरावा आहे. एम्सच्या 2013 सालच्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या मुलांपैकी 52 टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, आहार न बदललेल्यांत सुमारे 11 टक्के. पण भाकरी, भात, पोळी जवळजवळ बंद होते, म्हणून तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करायचा असतो, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यावर.

गोळ्या कमी करण्याविषयी शेवटी. गोळी अचानक सुटली की लागोपाठ फिट येण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि अनावर फिट असलेल्या माणसाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याची शक्यताही असते. प्रौढ रुग्णांत हे प्रमाण वर्षाला साधारण हजारांत एक असते, आणि फिट जितक्या अनावर तितका धोका जास्त. त्यामुळे गोळ्या कमी करण्याचा विचार फिट पूर्ण थांबल्यानंतर दोन-तीन वर्षांनीच, तोही हळूहळू आणि ईईजी पाहून करतात. कॅप्सूल एक-दोन दिवसच घेतल्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही, बंद कराव्यात. पंधरवडाभर चालू असतील आणि मुलाला दोन-दोन दिसणे, तोल जाणे असे काही होत असेल तर त्याच दिवशी कार्बामाझेपिनची पातळी आणि यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात, आणि डॉक्टरांना भेटताना ती बाटली सोबत न्यावी.